गोळी लागल्यानंतर

मुलाणी उस्ताद टेकडी चढून येत होते, पण मला ते आधी ओळखूच आले नाहीत.

"खिल्लारे, कुणीतरी येतंय बघ," वायरलेसच्या खोलीतून कुरणे ओरडला, तेव्हा मी दगडावर बसून रायफलच्या नळीत चिंधी घालत होतो. खाली पायवाटेवर एक म्हातारा दिसला. पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. चार पावलं टाकायचा आणि गुडघ्यांवर हात ठेवून थांबायचा. आमच्या त्या टेकडीवर कुणी येत नसे. वायरलेसचा मनोरा, पत्र्याच्या दोन खोल्या, पाण्याची टाकी आणि वारा. ठाण्यातून शिधा घेऊन माणूस यायचा, तोही पिशव्या उंबऱ्यावर ठेवून लगेच परत फिरायचा.

म्हातारा जवळ आला आणि मी ताडकन उभा राहिलो. अंगात नुसती बनियन होती, तरी हात सलामासाठी वर गेला.

"उस्ताद! तुम्ही?"

"खाली कर हात," ते धापा टाकत म्हणाले. "आधी पाणी दे."

मी त्यांना कधी गणवेशाशिवाय पाहिलं नव्हतं. हवालदार अब्बास मुलाणी म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या चांदमारीचा प्राण होता. गावाबाहेर मुरमाचा मोठा बंधारा घातलेला, त्याच्यासमोर पांढरे बोर्ड, बोर्डावर काळी वर्तुळं. ही आमची चांदमारी. जिल्ह्यातल्या प्रत्येक शिपायाने वर्षातून एकदा तिथे पोटावर झोपायचं, थ्री नॉट थ्री रायफल खांद्याला लावायची आणि सरकारने मोजून दिलेल्या गोळ्या त्या वर्तुळावर सोडायच्या. झालं आमचं वर्षाचं शिक्षण. मी ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतोय. तेव्हा पळत्या बोर्डावर नेम नव्हता, की पिस्तुलाचा सराव नव्हता. समोरचा बोर्ड हलायचा नाही, उलट काही करायचा नाही, आणि नेम चुकला तर फक्त उस्तादांची शिवी बसायची.

पण उस्ताद शिकवायचे मात्र जीव ओतून. झोपलेल्या शिपायाच्या शेजारी स्वतः मातीत झोपायचे. त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू सांगायचे, "श्वास अर्धा सोड. अर्धा ठेव. आता बोट आवळ, ओढू नको." त्यांचा आवाज इतका शांत असायचा की छातीतली धडधड आपोआप बसायची. माझा नेम पहिल्याच वर्षी चांगला लागला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. घरी वडील नव्हते. ती थाप मला बरेच दिवस पुरली.

पाणी पिऊन झाल्यावर ते सावलीला टेकले. मनोऱ्याकडे, खालच्या उजाड माळाकडे बघत राहिले.

"इथं किती दिवस झाले तुला?"

"पावसाळा संपल्यापासून."

"करमतं?"

मी रायफल उचलून नळीत चिंधी घालू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कुरणेने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. कुरणे वायरलेसचा माणूस, स्वभावाने चांगला, पण माझ्याशी बेतानेच बोलायचा. जेवताना त्याने उस्तादांना चांदमारीच्या गप्पा विचारल्या. उस्तादांनी हसून दोन-चार जुने किस्से सांगितले. ते इतक्या लांब एसटीने येऊन, वर दोन तासांची चढण चढून किस्से सांगायला आलेले नाहीत, हे मला कळत होतं. कुरणेलाही कळलं असावं. हात धुऊन तो "माझी संदेशांची वेळ झाली" म्हणून खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

उस्तादांनी पिशवी पुढे ओढली, पण उघडली नाही.

"कुठं मारलीस?" त्यांनी विचारलं.

एवढ्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. शाबासकी खूप जणांनी दिली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. चौकशी झाली, गोळी योग्यच झाडली असा निर्वाळा मिळाला. ठाण्यातल्या पोरांनी खांद्यावर उचललं. आणि त्यानंतर हळूहळू, का ते कुणी सांगेना, मी डबा उघडला की बाकीच्यांचं जेवण आधीच झालेलं असायचं. माझ्यासाठी एक स्थळ ठरत आलं होतं, त्या लोकांनी पुन्हा निरोप पाठवला नाही. मग माझ्या गोळीने मेलेल्या त्या दशरथची आई येऊन ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसायला लागली. ती ओरडायची नाही, भांडायची नाही. नुसती दाराकडे बघत बसायची. शेवटी साहेब म्हणाले, "खिल्लारे, थोडे दिवस हवापालट कर," आणि मला या टेकडीवर पाठवलं.

"जांघेत," मी म्हणालो. "तुम्ही शिकवलं होतं तसं. कमरेच्या खाली."

"नक्की?"

"नक्की. डाव्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकले असतील. मग ते तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "सगळं सांग. सुरुवातीपासून. काही सोडू नको."

मी सांगितलं. पिंपरवडा गावात दशरथ गवांदेने बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. भाऊ जागेवर गेला. इंगोले जमादार, मी आणि जीपचा ड्रायव्हर त्याला धरायला गेलो. तो ज्वारीत लपला होता. जमादारांनी हाका मारल्या, "दशरथ, बाहेर ये, काही करत नाही." तो आला बाहेर, पण कुऱ्हाड उचलूनच. जमादार मागे सरताना बांधावरून आडवे पडले. मी दोनदा ओरडलो. तो थांबला नाही. त्याची कुऱ्हाड वर गेलेली होती आणि खाली जमादारांचं डोकं होतं.

"मग?"

"मग श्वास अर्धा सोडला. अर्धा ठेवला."

उस्तादांचा चेहरा आवळला गेला.

"पडला लगेच. कुऱ्हाड हातातून सुटली. जमादारांनी ती लांब फेकली."

"आणि तू? गोळी सुटल्यावर तू काय केलंस?"

"बोल्ट ओढला. उरलेल्या गोळ्या काढल्या. चेंबरमध्ये बोट घालून बघितलं. आणि पुंगळी शोधायला लागलो."

"पुंगळी?"

"गोळीची रिकामी पुंगळी, उस्ताद. गवतात उडाली होती. चांदमारीवर तुम्ही पुंगळी दिल्याशिवाय सोडत नव्हता ना कुणाला. हातांना तेवढंच माहीत होतं. मी गुडघ्यावर बसून गवत चाचपत होतो आणि तो पाठीमागे पडल्या-पडल्या म्हणत होता, 'दादा, पाय गार पडाय लागलाय.' मला दादा म्हणत होता. जमादारांना वाटलं, पायाला तर लागलंय, मरतोय कशाला. मलाही तेच वाटलं. जीपमध्ये घातला. दवाखाना यायच्या आधीच तो बोलायचा थांबला."

वाऱ्याने पत्रा वाजत होता. आत कुरणेच्या यंत्राची खरखर चालली होती.

"तीस वर्षं," उस्ताद बोलू लागले, "तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, जांघेत मारा. माणूस पडतो, मरत नाही. घरी जाऊन भाकरी खाताना मला वाटायचं, बंदूक शिकवतो खरा, पण जीव वाचवायचं शिकवतो. तुझी बातमी आली तेव्हा सगळे म्हणाले, खिल्लारेचा नेम चुकला असेल, पोटात लागली असेल. मी म्हणालो, त्याचा नेम चुकत नाही. आणि माझ्या मनात आलं, नेम चुकला नाही, तर मग माणूस मेला कसा?"

"उस्ताद, तुम्ही कधी माणसावर..."

"नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. माझी सगळी नोकरी बोर्डावर गेली. बोर्डाला रक्त नसतं रे."

त्यांनी पिशवी उघडली. आतून सुती कापडाची एक लांब पट्टी आणि हातभर लाकडी दांडकं काढलं.

"सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, बाई, मला अडाण्याला समजावा. त्यांनी सांगितलं, जांघेतून बोटाएवढी जाड, जोराने रक्त नेणारी नस जाते. ती फुटली की माणूस बोलता-बोलता जातो. पण वरून दाबून धरलं, घट्ट बांधलं, तर वेळ मिळतो. हे एवढंच, खिल्लारे. एक कापड आणि एक काठी. हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही."

"आता काय उपयोग?"

"झोप," ते म्हणाले.

"काय?"

"झोप खाली. कुठं लागली होती ते बोटाने दाखव. मला नीट बांधता येतं का, बघू दे. बाईंनी एकदाच दाखवलंय. खाली गेल्यावर मला पोरांना शिकवायचंय आणि चुकीचं शिकवायचं नाही. पुन्हा नाही."

मी त्या खडकावर उताणा झोपलो. वर नुसतं पांढरं आभाळ होतं. बोटाने जागा दाखवली. उस्ताद माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. आधी त्यांनी मूठ ठेवून सगळा भार टाकला, मग पट्टी गुंडाळली, गाठीत दांडकं अडकवलं आणि पिळायला लागले. दांडकं दोनदा निसटलं. बोर्डावर कधीच न चुकलेल्या हातांतून.

"दुखतंय?"

"हो."

"दुखलंच पाहिजे म्हणाल्या बाई." त्यांनी आणखी एक पीळ दिला. "आता?"

पाय जड झाला. मग हळूहळू तो माझा राहिनासा झाला. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते माझ्या आवाजात नव्हतं.

"दादा, पाय गार पडाय लागलाय," मी म्हणालो.

आणि मला रडू फुटलं. त्या ज्वारीच्या रानापासून आजवर डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. शाबासकी घेताना नाही, त्या म्हातारीला लिंबाखाली बघताना नाही. उस्तादांनी घाईघाईने पीळ सोडवला. मला उठवलं नाही, गप्प बस म्हणाले नाहीत. माझा पाय मांडीवर घेऊन ते दोन्ही हातांनी चोळत बसले, लहान पोराचा चोळावा तसा. मध्येच कुरणेने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लोटून घेतलं. त्या दिवसापासून मात्र तो माझ्याबरोबर एका ताटलीत जेवू लागला.

ऊन कलायच्या आत उस्ताद निघाले. मी वळणापर्यंत सोडायला गेलो. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "ती आई अजून बसते का रे तिथं?"

"माहीत नाही."

"मी जाऊन येतो," ते म्हणाले.

ते गेले होते, हे मला पुढे कळलं. म्हातारीजवळ लिंबाखाली दुपारभर बसले होते. दोघांचं काय बोलणं झालं, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात चांदमारीवर नवाच प्रकार सुरू झाला. उस्तादांनी बोर्डांच्या पायथ्याशी भुसा भरलेली पोती ठेवली. गोळी सुटली, रायफल खाली झाली, की शिपायाने पळत जायचं आणि पोत्याला पट्टी बांधायची. पुंगळ्या नंतर. पोरं हसायची. कुणी पोत्यांना नावं ठेवली, कुणी म्हणालं मुलाणींना म्हातारचळ लागला. एकदा वरचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी पोती बघितली आणि म्हणाले, "हवालदार, इथे नेम शिकवतात. दवाखाना तिकडे आहे." दुसऱ्या दिवशी पोती उचलावी लागली. पण जो शिपाई उस्तादांच्या शेजारी मातीत झोपायचा त्याला ते कानाशी सांगत राहिले, श्वासाचं आणि पट्टीचंही. वर्षभराने ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांना शाल मिळाली, भाषणात त्यांच्या नेमबाजीचं कौतुक झालं.

मला पुढे त्याच चांदमारीवर शिकवायला नेमलं. मी मागून घेतलं होतं म्हणा ना. लग्न झालं नाही, घर असं कुठे नव्हतं, तेव्हा बंधाऱ्याशेजारची खोली हेच घर. माझ्या डोळ्यांदेखत सगळं बदलत गेलं. वर्तुळं जाऊन माणसाच्या आकाराचे बोर्ड आले. थ्री नॉट थ्री गेली, एसएलआर आली, तीही गेली. पिस्तूल आलं, उभ्याने, पळताना, आडोशाआडून मारायचा सराव आला. पायावर मारा हे जुनं सूत्र नव्या साहेबांनी तपासायला घेतलं. मग एक दिवस एका खोलीत भलामोठा पडदा लागला. त्याच्यावर माणसं चालायची, बोलायची, कुणी खिशातून सुरा काढायचं, कुणी नुसता मोबाइल, आणि शिपायाने क्षणात ठरवायचं की मारायचं की नाही. आता पोरींच्याही तुकड्या येत होत्या. आणि एका वर्षी वरून आलेल्या अभ्यासक्रमात, पार शेवटच्या पानावर, जखमीचा रक्तस्राव थांबवणे हा पाठ होता. त्यासाठी कंबरेला लावायची तयार पट्टीही मिळाली, पिळायच्या दांडक्यासकट.

तो पहिला पाठ घेतला त्या संध्याकाळी मी उस्तादांच्या गावी गेलो. ते खाटेवर होते, ओळखही अर्धीच राहिली होती. मी ती काळी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट चाचपली, दांडकं फिरवून पाहिलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "तुझी आहे का?"

"सरकारने दिली, उस्ताद. सगळ्यांना."

"सरकारने?" ते कितीतरी वेळ हसत होते. त्यांच्या सुनेला कळेना काय झालं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले.

त्यांना जाऊन वर्ष झालं नसेल, तेव्हा माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोरीचा फोन आला. अश्विनी डोईफोडे. माझी निवृत्ती जवळ आली होती. तिचा आवाज मी ओळखलाच नाही.

"सर, माझ्या हातून गोळी सुटली."

"तू बरी आहेस ना?"

"मला काही नाही. तो माझ्याबरोबरच्या शिंदेंवर कोयता घेऊन आला. मांडीत लागली. सर, मी बांधली. तुम्ही सांगितली तशी. रक्त थांबत नव्हतं, मी आणखी पिळली. तो मला शिव्या देत होता. मग त्याला दवाखान्यात नेलं, आणि आता मला कुणी काही सांगत नाही. तिकडे जाऊही देत नाहीत. सगळे म्हणतात शाब्बास. सर, तो आहे का?"

"मी बघून येतो," मी म्हणालो. "तू आहेस तिथे थांब."

दवाखान्यातल्या खाटेला बेडी, दाराशी पहारा. पहाऱ्यावरचा शिपाई माझ्याच हातचा, त्याने आत सोडलं. खाटेवर विशीतला पोरगा होता. मला बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. उशाशी त्याची आई बसली होती. माझे पांढरे केस आणि इस्त्रीचा सदरा बघून ती लगबगीने उठली.

"डॉक्टरसाहेब, पाय कापायचा म्हणत होते. कापनार का हो?"

मी डॉक्टर नाही, हे सांगायचं राहून गेलं. तिने स्वतःच चादर बाजूला केली. मांडीला जाडजूड बँडेज होतं. खाली पाऊल उघडं.

"अंगठा हलव," मी पोराला म्हणालो.

तो हलला नाही.

"हालीव की रं, साहेब सांगत्यात," आई म्हणाली.

अंगठा हलला. थोडासाच, पण हलला. मग बाकीची बोटंही.

"हालतंय," बाई म्हणाली. "हालतंय, साहेब." तिने पदराने ते पाऊल पुसलं, जसं काही त्याला माती लागली होती.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन अश्विनीला फोन लावला. म्हणालो, "जिवंत आहे. पायही राहील." मग ती रडायला लागली, आणि मी फोन कानाला धरून उभा राहिलो, तिचं रडणं संपेपर्यंत. शेवटी ती म्हणाली, "सर, ठेवते. आई आलीय." मी म्हणालो, "ठेव."

मग मी बाकड्यावर बसलो. आणखी एका माणसाला हे सांगायला हवं होतं. फोन हातातच होता आणि त्यात उस्तादांचं नाव अजून होतं, मी ते काढलं नव्हतं. लोक डबे घेऊन येत होते, जात होते. बऱ्याच वेळाने वॉर्डाचा रखवालदार आला आणि म्हणाला, "काका, भेटायची वेळ संपली. तुमचं कोण आहे आत?"

"कुणी नाही," मी म्हणालो आणि उठलो.